आफ्रिका हे नाव आलं कुठून? आणि 'अल्केबुलान'चं काय?

प्रश्न असा होता: 'आफ्रिका' या नावाचा मूळ अर्थ काय, ते कुणी ठेवलं, इतर भाषांत या खंडाला काय म्हणतात, आणि 'खंडाचं खरं नाव अल्केबुलान होतं, आफ्रिका हे बाहेरच्यांनी लादलं' असं जे सारखं वाचायला मिळतं त्यात तथ्य किती? स्थलनामांच्या व्युत्पत्तीचं काम करणाऱ्याला हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच. म्हणून एकदा सगळं नीट मांडून ठेवतो.

घाईत असणाऱ्यांसाठी आधी निकाल सांगतो. नाव लॅटिन भाषेतून आलं. कार्थेज शहराच्या आसपास, म्हणजे आजच्या ट्युनिशियाच्या उत्तर भागात राहणाऱ्या लोकांना रोमन 'आफ्री' म्हणत. त्यांचा प्रदेश तो 'आफ्रिका'. 'आफ्री' या शब्दाचा स्वतःचा अर्थ आजही निर्विवाद ठरलेला नाही. 'अल्केबुलान'ला जुना पुरावा एकही नाही.

आता सविस्तर.

लॅटिनमध्ये एकवचन 'आफेर', अनेकवचन 'आफ्री'. नाटककार टेरेन्सचं पूर्ण नाव पुब्लिउस टेरेन्टिउस आफेर. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला हा लेखक कार्थेजमधून गुलाम म्हणून रोमला आला असं त्याचा प्राचीन चरित्रकार सांगतो, आणि 'आफेर' हे टोपणनाव त्याच्या मूळ ठिकाणाची खूण. या 'आफ्र-'ला लॅटिनमधला 'इक' प्रत्यय लागला. आपल्या 'नागरिक', 'वैदिक'मधल्या 'इक'सारखाच हा चालतो, 'अमक्याचा, अमक्याशी संबंधित' असा अर्थ देतो. 'आफ्रिका टेर्रा' म्हणजे आफ्रींची भूमी. पुढे 'टेर्रा' गळून पडलं आणि विशेषणाचंच नाम झालं. हा 'इक' लक्षात ठेवा. निम्म्याहून अधिक लोकप्रिय व्युत्पत्त्या याच एका दगडावर आपटून फुटतात.

नाव प्रचारात आलं ते युद्धांमुळे. इ.स.पू. 202 मध्ये झामाच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचा पराभव करणाऱ्या रोमन सेनापती स्किपिओला 'आफ्रिकानुस' ही पदवी मिळाली. त्या काळी ही पदवी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खंड येत नव्हता, कार्थेजचा मुलूख येत होता. इ.स.पू. 146 मध्ये रोमने कार्थेज बेचिराख केलं आणि तिथे जो प्रांत केला त्याचं अधिकृत नाव 'आफ्रिका' ठेवलं. प्रांत केवढा? ट्युनिशियाच्या ईशान्य कोपऱ्याएवढा. शेजारच्या नुमिडियाच्या राज्यापासून तो वेगळा दाखवायला स्किपिओ घराण्याच्याच दुसऱ्या सेनापतीने सीमेवर चर खणवला होता. त्या चराच्या पलीकडे पाऊल टाकलं की माणूस सरकारी अर्थाने 'आफ्रिके'च्या बाहेर जात असे. पुढे इ.स.पू. 46 मध्ये सीझरने नुमिडियाचा मोठा भाग खालसा करून त्याला 'नवी आफ्रिका' म्हटलं, आणि पहिली आपोआप 'जुनी आफ्रिका' झाली. नाव पसरायला लागलं ते असं: शासकीय हद्द सरकली की नाव तिच्यामागे सरकत गेलं.

पण मग खंडाला त्या वेळी काय म्हणत? ग्रीक लोक म्हणत 'लिब्युए', म्हणजे लिबिया. आणि हेही नाव एका टोळीचंच. इजिप्शियन लेखांत नाईलच्या पश्चिमेकडच्या एका जमातीचं नाव 'रेबू' किंवा 'लिबू' असं येतं. फेरो मेर्नेप्ताहच्या कारकिर्दीत, इ.स.पू. 1208 च्या सुमारास, या लिबूंनी इजिप्तवर चाल केली आणि त्यांचा मोड झाला, याच्या नोंदी दगडावर कोरलेल्या आहेत. ग्रीकांनी हे नाव उचललं आणि आधी इजिप्तच्या पश्चिमेकडच्या किनाऱ्याला, मग त्यामागच्या सगळ्या जमिनीला लावलं.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इ.स.पू. पाचव्या शतकात या प्रकाराबद्दल जाहीर आश्चर्य व्यक्त केलं आहे. पृथ्वी एक असताना तिला युरोप, आशिया, लिबिया अशी तीन नावं का, तीही तीन स्त्रियांची, आणि हद्द म्हणून नाईल नदीच का धरायची, हे आपल्याला कळत नाही असं तो लिहितो. आयोनियन भूगोलवेत्त्यांची तर त्याने चांगलीच फिरकी घेतली आहे: आशिया आणि लिबिया यांची सीमा नाईल असेल तर तिचा त्रिभुज प्रदेश दोन्हींपैकी कशातच बसत नाही, मग तो चौथा खंड मोजायचा का? खंडांच्या व्याख्येवर आजही जे वाद होतात, त्यांतला एकही या टोमण्याच्या फार पुढे गेलेला नाही.

त्याच हिरोडोटसने फेरो नेको दुसरा याने पाठवलेल्या फिनिशियन, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या, खलाशांची हकीकत नोंदवली आहे. ते तांबड्या समुद्रातून निघाले, दक्षिणेकडून वळसा घालून तिसऱ्या वर्षी जिब्राल्टरमार्गे परतले. वाटेत सूर्य आपल्या उजव्या हाताला होता असं त्यांनी सांगितलं, आणि हिरोडोटस म्हणतो, हे मला काही पटत नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेला पश्चिमेकडे जाताना दुपारचा सूर्य उजवीकडेच दिसणार, म्हणून ज्या तपशिलावर त्याने अविश्वास दाखवला तोच आज अनेकांना सगळ्यात विश्वासार्ह वाटतो. हे इथे सांगायचं कारण एवढंच की समुद्राने वेढलेला एक सलग भूखंड ही कल्पना ग्रीकांकडे होती, आणि तिचं नाव लिबिया होतं.

रोमन लेखकांपुढे त्यामुळे दोन नावं होती: शिकलेल्या ग्रीकांचं 'लिबिया' आणि स्वतःच्या सरकारी कागदांतलं 'आफ्रिका'. प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात सरळ लिहून टाकलं की आफ्रिकेला ग्रीक लिबिया म्हणतात, आणि लगेच जोडलं की ती इजिप्तपाशी संपते. म्हणजे प्लिनीच्या हिशेबात इजिप्त आफ्रिकेत नाही. त्याच्या आधीच्या शतकातला सॅलस्ट सांगतो की बहुतेक लोक आफ्रिका हा जगाचा तिसरा भाग मानतात, पण काही जण आशिया आणि युरोप असे दोनच भाग धरून आफ्रिका युरोपात घालतात! नावांची अदलाबदल कशी झाली याचा सगळ्यात सुबक नमुना एका म्हणीत सापडतो. 'लिबियातून नेहमी काहीतरी नवं निघतं' ही ग्रीक म्हण ॲरिस्टॉटलकडे आहे. प्लिनीने ती लॅटिनमध्ये आणली तेव्हा लिबियाच्या जागी 'आफ्रिका' घातलं. आज ती म्हण आफ्रिकेचीच म्हणून सांगितली जाते.

लॅटिन नाव वाऱ्यातही टिकलं. रोमन लोक नैर्ऋत्येच्या वादळी वाऱ्याला 'आफ्रिकुस' म्हणत, आणि स्पॅनिशमध्ये तोच शब्द झिजून 'आब्रेगो' झाला. व्युत्पत्तीचं काम करताना असे साधे, कुणाच्या अस्मितेत न अडकलेले शब्द मला फार भरवशाचे वाटतात. वारा ज्या दिशेने येतो ती दिशा खोटं बोलत नाही. रोमकरांची 'आफ्रिका' समुद्रापलीकडच्या नेमक्या त्याच बाजूला होती.

आता कळीचा प्रश्न. 'आफ्री' म्हणजे काय?

इथे उत्तरांची रांग लागते, आणि ती सगळी एका मापाने मोजणं बरोबर नाही. माझ्या दृष्टीने पहिली चाचणी अशी: दिलेली व्युत्पत्ती कुठला शब्द समजावते? जुना शब्द 'आफेर' किंवा 'आफ्री' आहे. 'आफ्रिका' हा त्यापासून लॅटिन प्रत्यय लावून केलेला नवा शब्द आहे. म्हणून ज्या व्युत्पत्तीत 'इका' हा भाग मूळ शब्दाचाच धरलेला असतो, ती पहिल्याच फेरीत बाद. बघा किती जणी गळतात.

सेव्हिलचा बिशप इसिडोर, सातव्या शतकाच्या सुरुवातीचा, काहींचं मत म्हणून सांगतो की 'आफ्रिका' म्हणजे जणू 'आप्रिका', लॅटिनमध्ये 'उन्हाने भरलेली, उघड्यावरची'. बाद. शिवाय लॅटिनमध्ये 'प'चा असा 'फ' होत नाही. ग्रीक व्युत्पत्ती सांगते की 'फ्रीके' म्हणजे थंडीची किंवा भीतीची शिरशिरी, त्याला नकाराचा 'अ' लावला की 'जिथे थंडी नाही ती'. ऐकायला सुरेख, पण बाद. कारण तेच, आणि वर आणखी एक: ग्रीकांनी या भूमीला लिबिया म्हटलं, मग स्वतःच्या भाषेतलं नाव त्यांनी दुसऱ्यांसाठी कशाला घडवावं? 1881 साली जेराल्ड मॅसी या इंग्रज लेखकाने 'आफ-रुई-का' असा इजिप्शियन शब्दसमूह पुढे केला, 'का'च्या, म्हणजे आत्मशक्तीच्या, द्वाराकडे वळणे, अर्थात जन्मभूमी. इजिप्शियन लेखांत खंडाचं किंवा त्या प्रदेशाचं असं नाव मिळत नाही, आणि 'का' इथेही मूळ शब्दात ओढून घेतलेला आहेच. बाद.

अरबी व्युत्पत्ती जरा वेगळी गंमत दाखवते. अरबांनी रोमन प्रांताचं नाव 'इफ्रीकिया' असं घेतलं. अरबीत 'फ-र-क' या धातूचा अर्थ वेगळं करणे, विभागणे ('फरक' शब्द मराठीत आला तो तिथूनच). मग म्हटलं गेलं, समुद्राने युरोपापासून आणि नाईलने आशियापासून वेगळी केलेली ती इफ्रीकिया. ही कल्पना लिओ आफ्रिकानुसच्या 1550 मध्ये व्हेनिसला छापल्या गेलेल्या भूवर्णनात आहे. हा लेखक मूळचा ग्रानाडात जन्मलेला अल-हसन अल-वझ्झान. चाच्यांनी त्याला पकडून पोपला भेट दिलं आणि बाप्तिस्म्यानंतर पोपचंच नाव त्याला मिळालं. या व्युत्पत्तीतला शेवटचा 'क' बघा: तो लॅटिन प्रत्ययातला 'क' आहे. परक्या शब्दातला प्रत्यय आपल्या धातूत मुरवून टाकला की अर्थ हमखास निघतो, कुठल्याही भाषेत.

अरब परंपरेत दुसरीही कथा आहे: येमेनचा हिमयारी राजा इफ्रीकिश याने हा मुलूख जिंकला म्हणून त्याचं नाव पडलं. चौदाव्या शतकात, स्वतः ट्युनिसला जन्मलेल्या इब्न खल्दूनने ही कथा उडवून लावली. येमेनहून एवढी फौज वाटेतल्या राज्यांना न भिडता, रसदीशिवाय तिथवर पोचेलच कशी, असा त्याचा रोखठोक मुद्दा. व्युत्पत्ती तपासताना शब्दाबरोबर रस्ताही तपासायचा असतो, हे त्याला सहाशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

राजाच्या नावावरून देशाचं नाव, ही युक्ती त्याहून जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो की अब्राहमच्या वंशातल्या 'एफेर'ने लिबियावर स्वारी केली आणि त्याच्यावरून आफ्रिका नाव पडलं. इसिडोरने हाही पर्याय नोंदवून ठेवला आहे. इथे 'इका'ची अडचण नाही, 'आफ्र-'पुरतीच तुलना आहे, म्हणून ही व्युत्पत्ती पहिली फेरी पार करते. दुसऱ्या फेरीत मात्र अडते, कारण देशाचं नाव आधी आणि त्याला शोभेलसा पूर्वज नंतर, अशी ही नेहमीची रीत. ग्रीकांनीही लिबिया नावाची एक राजकन्या अशीच उभी केली होती.

उरले दोन गंभीर उमेदवार. पहिला फिनिशियन 'अफर', म्हणजे धूळ, माती. कार्थेज फिनिशियनांनी वसवलेलं, तेव्हा त्यांच्या भाषेतून रोमनांना नाव मिळालं असण्यात काही अशक्य नाही. खटकतं ते असं की कार्थेजच्या भाषेतल्या लेखांत स्थानिक लोकांसाठी 'लुबी' या वळणाचा शब्द येतो, लिबियनांचाच. 'धुळीतले' म्हणून त्यांनी आफ्रींना हाक मारल्याचा दाखला नाही.

दुसरा उमेदवार बर्बर भाषांतला 'इफ्री', म्हणजे गुहा. अनेकवचन 'इफ्रान'. ही भाषा त्याच मातीतली, त्याच लोकांच्या वंशजांची, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. मोरोक्कोतलं इफ्रान शहर याच शब्दावरून ओळखलं जातं, मध्ययुगात बनू इफ्रान नावाची बर्बर जमात होती, आणि दक्षिण ट्युनिशियातल्या मत्माता भागात जमिनीत खोदलेल्या घरांत लोक राहत आले आहेत. भाषा जुळते, ठिकाण जुळतं, अर्थही ताणावा लागत नाही. तरी सुरुवातीचा स्वर 'आ' की 'इ' हा सांधा नीट बसत नाही, आणि आफ्री हे गुहांत राहणारे होते म्हणून त्यांना हे नाव, असं एकाही प्राचीन लेखकाने म्हटलेलं नाही. मला विचाराल तर यादीत सगळ्यात पुढे हाच, पण 'आफ्रिका म्हणजे गुहावासीयांची भूमी' असं सिद्ध झाल्यासारखं लिहिणाऱ्यांशी मी सहमत नाही. इथिओपियाच्या पूर्वेकडच्या अफार लोकांशी नातं जोडणाऱ्यांशी तर मुळीच नाही. हजारो किलोमीटरचं अंतर नुसत्या नादसाम्यावर पार करता येत नाही.

रोमन साम्राज्यानंतर नावाचे दोन तुकडे झाले आणि दोन दिशांना गेले. जागेवर राहिला तो अरबी तुकडा. 670 मध्ये अरबांनी कैरवान वसवलं, 698 मध्ये कार्थेज घेतलं, आणि 'इफ्रीकिया' हे ट्युनिशिया, त्याला लागून असलेला पूर्व अल्जीरिया आणि पश्चिम लिबिया एवढ्याच पट्ट्याचं नाव शतकानुशतकं चालू राहिलं. म्हणून मध्ययुगीन अरबी ग्रंथात 'इफ्रीकिया' दिसलं की खंड समजू नये. आधुनिक अरबीत खंडाचं नाव आणि त्या जुन्या प्रांताचं नाव लिहिताना शेवटचं अक्षर वेगळं ठेवतात. बोलताना मात्र कान फसतो. सोळाव्या शतकातले युरोपीय बखरकार तर ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या महदिया शहरालाच 'आफ्रिका' म्हणत. '1550 मध्ये आफ्रिका जिंकली' असं वाक्य एखाद्या स्पॅनिश बखरीत आलं तर ती एका तटबंदीच्या शहराची गोष्ट आहे.

दुसरा तुकडा युरोपच्या नकाशांवर वाढला. मध्ययुगातल्या गोल नकाशांत जगाचे तीन भाग दाखवत, आणि त्यांत लॅटिन परंपरेमुळे 'आफ्रिका' हे नाव बसलं. दक्षिणेला काय आहे हे त्या नकाशाकारांना माहीत नव्हतं, नाव मात्र तयार होतं. 1488 मध्ये बार्तोलोमेउ दियाश दक्षिण टोकाला वळसा घालून गेला, पुढच्या दहा वर्षांत वास्को द गामा त्याच वाटेने हिंदी महासागरात उतरला, आणि किनाऱ्याची रेषा जसजशी नकाशावर पुरी होत गेली तसतसं ट्युनिशियातलं नाव खाली घसरत केपपर्यंत पोचलं. 1570 मध्ये ओर्टेलियसच्या नकाशासंग्रहात पूर्ण खंडाच्या नकाशावर तेच शीर्षक आहे.

ही शर्यत एकट्या आफ्रिकेने जिंकली, पण स्पर्धक होते. 'इथिओपिया' हा ग्रीक शब्द, 'भाजलेल्या चेहऱ्याचे लोक' अशा अर्थाचा. इजिप्तच्या दक्षिणेकडची सगळी भूमी त्यात येई. दक्षिण अटलांटिकला कित्येक जुन्या नकाशांत 'इथिओपियन महासागर' म्हटलेलं दिसतं, जो आजच्या इथिओपियापासून अख्खा खंड ओलांडून पलीकडे आहे. म्हणजे टोळीचं नाव असलेली 'लिबिया' खंडाएवढी झाली आणि मग आकसून एका देशावर आली. इटलीने 1934 मध्ये आपल्या वसाहतीला ते जुनं नाव अधिकृतपणे दिलं आणि 1951 मध्ये त्याच नावाने देश स्वतंत्र झाला. 'इथिओपिया'ही अर्ध्या खंडावरून एका देशावर आली. आणि एका कोपऱ्यातली 'आफ्रिका' मात्र खंडभर पसरली. यात खंडाला कुठेही कुणी बसून नाव 'ठेवलेलं' नाही. 'नाव कुणी ठेवलं?' हा प्रश्न म्हणूनच मला चुकीच्या जागी उभा असलेला वाटतो.

इतर भाषांचं म्हणाल तर बहुतेकांनी लॅटिन शब्दच आपापल्या उच्चारात बसवला आहे: फ्रेंच 'आफ्रीक', आयरिश 'आफ्रिक'सारखा, हवाई बेटांवर 'फ' आणि 'र' दोन्ही नसल्यामुळे 'आपेलिका'. मराठीत 'आफ्रिका', हिंदीत 'अफ़्रीका', तमिळमध्ये 'आप्पिरिक्का'. यात शोधण्यासारखं फार नाही.

चिनीत मात्र आहे. 1602 मध्ये मातेओ रिच्ची या जेझुइट पाद्र्याने चिनी विद्वानांच्या मदतीने जगाचा जो मोठा नकाशा केला, त्यात आफ्रिकेचं नाव 'लीवेइया' आहे. म्हणजे लिबिया! ग्रीक परंपरेतलं नाव युरोपात मागे पडत असताना चीनमध्ये नव्याने पोचलं. पुढे 'आफेइलीजिया' हे उच्चारानुसारी रूप आलं आणि त्याचं संक्षिप्त रूप 'फेइचोउ' आज चालतं. त्यातल्या 'फेइ' या अक्षराचा स्वतंत्र अर्थ 'नाही', 'चुकीचं' असा आहे, तर अमेरिकेच्या वाट्याला 'सुंदर' अर्थाचं 'मेइ' आलं. यावरून नाराजी व्यक्त होते आणि ती समजण्यासारखी आहे. अक्षरं मात्र आवाजासाठी निवडलेली आहेत. आशियासाठी चिनी लोक जे 'या' अक्षर वापरतात त्याचाही एक अर्थ 'दुय्यम' असाच आहे, आणि तो तर त्यांचा स्वतःचा खंड.

मराठीत 'आफ्रिका' हा शब्द रुळण्याआधी तिथल्या माणसांसाठी 'हबशी' होता. अरबी 'हबश' म्हणजे इथिओपियाचा डोंगराळ मुलूख, ज्यावरून ॲबिसिनिया हे नावही आलं. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला 'हबसाण' म्हणत ते त्यामुळेच. अरबांकडे पूर्व किनाऱ्यासाठी 'झंज' आणि सहाराच्या दक्षिणेसाठी 'बिलाद अस-सुदान', म्हणजे काळ्या लोकांचा देश, अशी वेगळी नावं होती. सगळ्या खंडाला मिळून एक नाव द्यायची गरज त्यांनाही पडली नव्हती.

आता अल्केबुलान. हा शब्द विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या आफ्रिकाकेंद्री लेखनातून, विशेषतः योसेफ बेन-जोकानन यांच्या पुस्तकांमुळे पसरला. अर्थ सांगितला जातो 'मानवजातीची माता' किंवा 'ईडनची बाग', आणि दावा असा की मूर, न्युबियन, नुमिडियन, इथिओपियन असे सगळे हेच नाव वापरत. एक तर या लोकांच्या भाषा वेगवेगळ्या, काहींची तर भाषाकुळंही वेगळी. त्या सगळ्यांत एकच शब्द, तोही अरबी उपपद 'अल' लावलेला, सापडायचा असेल तर त्याची वाट कुठेतरी दिसली पाहिजे. शिलालेख, नाणं, प्रवासवर्णन, शब्दकोश, काहीही. तसं काही नाही. 'माता' किंवा 'बाग' अशा अर्थाचा 'केबुलान' शब्द अरबीतही नाही. या नावामागची भावना मला कळते. ज्यांच्या पूर्वजांची माणसं, भाषा आणि नावं हिरावली गेली त्यांना बाहेरच्याने न दिलेलं एखादं नाव हवंसं वाटणारच. पण त्या भावनेमुळे शब्द जुना होत नाही.

आपल्याकडे याचाच जुळा भाऊ फिरतो: 'पुराणांतलं कुशद्वीप म्हणजे आफ्रिका'. याचा मात्र उगम नेमका सांगता येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस बनारसला राहणारा फ्रान्सिस विल्फर्ड हा कंपनीच्या सैन्यातला अधिकारी पुराणांत इजिप्त आणि नाईल शोधत होता. 1792 मध्ये त्याने लांबलचक लेख छापला. त्यात नाईलला 'काली' नदी ठरवलं आणि कुशद्वीप, शंखद्वीप ही नावं तिच्या काठच्या प्रदेशांवर बसवली. पुढे त्याच्या लक्षात आलं की ज्या पंडिताला त्याने संदर्भ काढायला ठेवलं होतं, त्याने साहेबाला हवे तसे श्लोक पोथ्यांत घुसडून दिले होते. 1805 मध्ये विल्फर्डने ते स्वतः छापून कबूल केलं. तरी लेख मरायचं नाव घेईना. नाईलच्या उगमाचा शोध घेणाऱ्या जॉन हॅनिंग स्पीकने 1863 च्या प्रवासवर्णनात विल्फर्डचा नकाशा आवर्जून सांगितला आहे. नाईलच्या वरच्या भागात 'कुश' नावाचं राज्य खरोखर होतं, इजिप्शियन लेखांत ते येतं. त्यामुळे नादसाम्याचा मोह आणखी वाढतो. पण पुराणांतली सप्तद्वीपं म्हणजे मेरूभोवती एकाआड एक वलयं, मध्ये खाऱ्या पाण्याचे, उसाच्या रसाचे, तुपाचे समुद्र. ती मांडणीच वेगळी आहे. तिच्यातलं एक वलय उचलून नकाशावर ठेवायचं असेल तर बाकीच्या सहांचंही उत्तर द्यावं लागेल.

मग तिथल्या लोकांकडे खंडाचं स्वतःचं नाव होतं का? नव्हतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. आशिया किंवा युरोपातल्या लोकांकडेही फार काळ नव्हतं. 2000 च्या आसपास भाषा बोलणाऱ्या भूमीवर लोकांनी आपल्या राज्याला, नदीला, कुळाला नावं दिली. 'खंड' ही बाहेरून, समुद्रावरून पाहणाऱ्याची कल्पना. मात्र नाव बाहेरचं असलं तरी ते तिथल्या भाषांनी आपल्या व्याकरणात पुरतं जिरवून घेतलं. स्वाहिलीत एक आफ्रिकी माणूस 'म्वाफ्रिका', अनेक 'वाआफ्रिका'. झुलू आणि खोसा भाषांत नावाला नामाचा उपसर्ग लागून 'इआफ्रिका' होतं, आणि 1897 मध्ये इनॉक सोन्टोंगा यांनी रचलेल्या 'न्कोसी सिकेलेल इआफ्रिका' या प्रार्थनागीतात ते तसंच येतं. योरुबात उसनं 'आफ्रिका' आहेच, शिवाय 'इले अदुलावो', काळ्या कांतीच्या लोकांची भूमी, हे घरचं नावही चालतं.

सगळ्यात मोठी ओढाताण झाली दक्षिणेत, म्हणजे आजच्या दक्षिण आफ्रिका देशात. 1707 मध्ये स्टेलेनबॉशला हेंड्रिक बीबाउ नावाच्या गोऱ्या तरुणाने, शिक्षा होत असताना, 'मी आफ्रिकान्डर आहे' असं ओरडून सांगितल्याची नोंद आहे. पुढे डच वंशाच्या वसाहतवाल्यांनी 'आफ्रिकानर' हे स्वतःचं नाव केलं आणि त्यांच्या भाषेचं 'आफ्रिकान्स'. इतकं की त्या भाषेत काळ्या आफ्रिकी माणसासाठी 'आफ्रिकान' असा वेगळा शब्द ठेवावा लागला. दुसरीकडे 1912 मध्ये स्थापन झालेल्या काळ्या लोकांच्या संघटनेने 1923 मध्ये आपलं नाव 'आफ्रिकन नॅशनल काँग्रेस' केलं. त्याच मुक्तिचळवळीतल्या दुसऱ्या एका गटाने तर 'दक्षिण आफ्रिका' हे नाव बाजूला सारून देशाला 'अझानिया' म्हणा अशी मागणी लावून धरली. हा 'अझानिया' शब्दही घरचा नव्हे. पूर्व किनाऱ्यासाठी ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत आलेलं ते नाव आहे. 1994 नंतर आलेल्या सरकारने 'दक्षिण आफ्रिका'च कायम ठेवलं.